रोज द्वादशी

माझ्या यजमानांनी आयुष्यात एकही एकादशी मोडली नव्हती. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस असले पुण्याकडचे लाड आमच्यात नाहीत. आम्ही माध्व, मध्वाचार्यांच्या मठाचे. एकादशीला पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उजाडता उजाडता पूजा उरकून पारणं. टायफॉइडमधून उठले होते तेव्हाही ह्यांनी एकादशी धरली. मी पेजेची वाटी त्यांच्यासमोर आपटली होती. मी काही शांत स्वभावाची बाई नव्हे, आणि चाळीस वर्षांत मला कुणी तसं म्हटलेलंही नाही.

त्रिविक्रमराव कोर्टात शिरस्तेदार होते. कोर्टात येणारा प्रत्येक अर्ज आधी शिरस्तेदाराच्या हाताखालून जातो. तारीख चुकली, सही राहिली, एखादं वाक्य मोघम लिहिलं, की अर्ज परत. एकतीस वर्षं ह्यांनी दिवसभर लोकांच्या कागदांत चुका काढल्या आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या सारात काढल्या. त्यामुळे त्र्याण्णव साली हे पहिल्यांदा बंगळूरच्या राजाजीनगरातल्या स्वतःच्या घराचा रस्ता चुकले, तेव्हा मला मनातून जरा गंमतच वाटली. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा वाटली नाही.

होसूर रोडवरच्या मेंदूच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. हे त्र्याण्णववर येऊन थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. औषध नाही, वाढत जाईल, शेवटी माणसं ओळखू येणार नाहीत, गिळायचंही कळणार नाही.

पुढच्या वर्षी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पेपरात आला, की जीव देऊ पाहणाऱ्याला शिक्षा करणारं कलम घटनेत बसत नाही. ह्यांना तोवर चष्मा कुठे ठेवला ते आठवेनासं झालं होतं, पण ती बातमी त्यांनी तीनदा वाचली आणि एका लांब कागदावर लिहायला बसले. दोन दिवस लिहीत होते. मग मला हाक मारली.

"पद्दी, इकडे ये. हे वाच आणि सही कर."

कागदावर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की, ज्या दिवशी मी एकादशीला अन्न मागीन, त्या दिवसापासून मी ह्या घरात नाही असं समजावं. मागे राहिलेल्या देहाला औषध, सलाईन, नळी यांतलं काही देऊ नये. तोंडाशी घास धरू नये. मागितलं तर पाणी द्यावं.

"हे काय अभद्र लिहिलंय?" मी म्हटलं.

"अभद्र काय त्यात? डोकं आधी जाणार, देह मागे राहणार. त्या देहाला भात भरवत बसू नकोस. तो मी नसेन."

"आणि मी काय करायचं? बघत बसायचं?"

"हो," हे म्हणाले. "कठीण आहे ते. म्हणून पोराला, रवीला सांगत नाही, तुला सांगतोय."

त्यांनी मला देवापुढे उभं करून शब्द घेतला. मी दिला. धडधाकट माणूस समोर उभा असताना असला शब्द द्यायला काही लागत नाही. मला वाटलं, पुढचं पुढे बघू. साक्षीदार म्हणून कल्लाप्पा वकिलांनी सही केली, तीही ह्यांच्या भिडेखातर.

शहाण्णवच्या मार्चमध्ये त्याच कोर्टातल्या पाच न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं म्हणाले. कल्लाप्पा मुद्दाम घरी आले.

"अक्का, तो कागद ट्रंकेत तळाशी घाला," ते म्हणाले. "त्याला किंमत आधीही नव्हतीच. पण आता त्याच्यावर कुणी वागलं, तर पोलीस त्यालाच धरतील."

हे समोरच बसले होते. त्यांनी कल्लाप्पांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचा अर्ज कुठाय?" कल्लाप्पा रडले. मी कॉफी करायला आत गेले.

तेव्हा रविकिरणला, आमच्या मुलाला, कागदाचं कळलं. तो खूप चिडला. "अम्मा, मी अण्णांना उपाशी ठेवू? आणि मग आयुष्यभर जेवू कसा मी?" त्याचंही काही चूक नव्हतं. त्याच्या पुण्याकडच्या बायकोनं, संपदानं, त्याला धरून खाली बसवलं. कागद ट्रंकेत गेला, आणि शब्द तेवढा माझ्याकडे राहिला.

एकदा हे बसमध्ये बसून थेट येलहंक्याला गेले. रवीला ते स्टेशनच्या बाकावर सापडले, पायात चपला नव्हत्या. त्यानंतर बाहेरच्या ग्रिलला कुलूप आलं. रवी आणि संपदा आठ वाजता आपापल्या ऑफिसांना जायचे, कुलूप बाहेरून लावून जायचे. मला एक किल्ली दिलेली होती, पण ह्यांना एकटं टाकून मी जाणार कुठे? मठात जाणं बंद झालं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाणंही बंद झालं. ग्रिलमधून भाजी घ्यायची, ग्रिलमधून शेजारणीशी बोलायचं. ती विचारायची, "स्वल्प बरं आहे का आता?" मी म्हणायची, "सरी आहे, ठीक आहे." मला ह्यांचा राग यायचा. आजारी माणसाचा राग येऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक आठवडा येऊन राहावं.

माणसं एकेक करून त्यांच्या डोक्यातून गेली. संपदा आधी गेली, मग रवी, मग मी. मी 'बाई' झाले. "बाई, इथे एक म्हातारी असते, ती कुठे गेली?" असं मलाच विचारायचे. स्नान गेलं, संध्या गेली, मंत्र गेले. राहिली फक्त एकादशी. आणि ती रोजची झाली.

सकाळी घास पुढे केला की हे तोंड फिरवायचे. "आज एकादशी." दुपारी, "आज एकादशी." संध्याकाळी तेच. मी कॅलेंडर आणून दाखवलं, तर म्हणाले छापणाऱ्याची चूक आहे, परत पाठवा. तीन दिवसांत दोन घोट दूध गेलं पोटात. डॉक्टरांनी वजन केलं, अडतीस किलो.

"तोंडानं खातायत तोवर मी काही करत नाही," डॉक्टर रवीला म्हणाले. "पण सलग दोन दिवस नाही खाल्लं, तर नाकातून नळी घालू. ते नळी ओढतील, म्हणून हात बांधावे लागतील."

रवीनं मान हलवली. मी त्या कागदाचा विचार करत होते. एकतीस वर्षं लोकांचे अर्ज मोघम म्हणून परत पाठवणाऱ्या माणसानं स्वतःच्या कागदात केवढी फट ठेवली होती. एकादशीला अन्न मागीन तेव्हा मी नाही, असं लिहिलं. सगळे दिवस एकादशी झाले तर काय, ते लिहिलं नाही. कागदाप्रमाणे पाहिलं तर हे अजून होते, पक्के होते. म्हणजे मी त्यांना जगवायचं. पण ते खात नव्हते, आणि तोंडाशी घास धरू नये असंही त्यांचंच म्हणणं. कुठल्याही बाजूनं वाचलं तरी मी त्यात अडकत होते.

शेवटी मी खोटं बोलले. नळीच्या भीतीनं बोलले. आमच्यात जेवणाआधी पुरुष कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ ओढतात आणि त्यावर अक्षतेचा, म्हणजे आमच्याकडच्या लाल गंधाचा, ठिपका लावतात. एकादशीला नैवेद्य नसतो, म्हणून ठिपकाही नसतो, नुसती रेघ. हे दिवसभर कपाळ चाचपत असायचे ते त्यासाठी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी देवघरातली डबी घेतली, त्यांच्या कपाळाला ठिपका लावला आणि म्हटलं, "अहो, एकादशी काल झाली. आज द्वादशी. पारणं करायचं ना?"

ह्यांनी बोटानं ठिपका चाचपला आणि तोंड उघडलं.

रवी आनंदानं ओरडायचाच बाकी होता. "अम्मा, तू जीनियस आहेस," म्हणाला. मग हा रोजचा परिपाठ झाला. सकाळी ठिपका, द्वादशी, मऊ भात. दुपारपर्यंत ते सगळं विसरलेले असत आणि पुन्हा एकादशी लागलेली असे. पुसला गेलेला ठिपका मी पुन्हा लावायची. आमच्या घरात दिवसातून तीनदा द्वादशी उजाडायची. भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून ठेवलं, मठाचं पंचांगही कपाटात टाकलं, कारण ह्यांची नजर पडली की वाद. असे अकरा महिने गेले. खोट्याची सवय होते, मला झाली. पण प्रत्येक घासाला मला वाटायचं की ज्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकला त्यालाच मी फसवते आहे, आणि तो विश्वासानं तोंड उघडतो आहे.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतला एक रविवार. रवी आणि संपदा घरीच होते. सकाळी सहाला मी ठिपका लावला, द्वादशी सांगितली आणि ह्यांना मुगाची खीर भरवली. त्या दिवशी खीर त्यांना फार आवडली. वाटी संपली तरी तोंड उघडंच.

"अजून वाढा," हे म्हणाले.

स्वतःहून अन्न मागितल्याला वर्ष होऊन गेलं असेल. मला इतका आनंद झाला की मी अर्धी वाटी आणखी आणली, आणि पातेल्यात उरलेली खीर तिथेच त्यांच्याजवळ बसून मीही खाल्ली. दोघांनी मिळून खाल्लं असं किती दिवसांनी झालं. मी बाहेर येऊन रवीला सांगितलंसुद्धा, "तुझ्या अण्णांनी आज मागून खाल्लं."

नऊ वाजता मी स्वयंपाकघरात गेले. संपदा ओट्याशी शेंगदाणे भाजत होती. चाळणीत भिजलेला साबुदाणा निथळत होता.

"हे कशाला आज?" मी विचारलं.

"एकादशी आहे ना, आई. रात्रीच भिजत घातला होता." ती वळली. माझा चेहरा बघून तिनं गॅस बंद केला. "आई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मी कपाटातून पंचांग काढलं. चष्मा सापडेना, तिनंच वाचून दाखवलं. आमच्या मठाचीही एकादशी त्याच दिवशी होती. रोज द्वादशी सांगता सांगता मी खरी एकादशी खाऊन बसले होते, आणि त्यांनाही खायला घातली होती. कुणी डाव्या हातानं वाढलं तरी ताटावरून उठणारा माणूस, त्याला मी एकादशीला खीर भरवली, वर आणखी वाढली.

"आई, प्लीज, एवढं टेन्शन नका घेऊ," संपदा म्हणाली. "होतं असं. कुणाचंही होईल."

रवी म्हणाला, "अम्मा, चुकून झालं. त्यांना कुठे कळलं?"

हेच तर ह्यांनी लिहून ठेवलं होतं. ज्या दिवशी एकादशीला अन्न मागीन. मागितलं होतं. अजून वाढा, म्हणाले होते. पण मीच द्वादशी सांगितली म्हणून मागितलं, मग ते धरायचं की नाही? शिरस्तेदारांनी हा अर्ज घेतला असता की परत केला असता? आणि त्यांच्या नियमानं बघायचं तर मी कोण? मीही एकादशीला बसून खाल्लं होतं, मलाही कळलं नव्हतं. मला खरंच भीती वाटली. हे असंच सुरू होतं का? ह्यांच्यासाठी शब्द द्यायला मी होते. माझ्यासाठी कुणाला देवापुढे उभं करू?

देवघरात जाऊन बसले. पश्चात्ताप वगैरे जमेना. संतापच येत होता, ह्यांचा, त्या पाच न्यायाधीशांचा, रवीचा, सगळ्यांत जास्त माझा. सगळं गेल्यावर त्यांच्याजवळ त्यांची स्वतःची अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी रोज तीन वेळा त्यांच्याकडून काढून घेत होते. कशासाठी? रवीला शांत झोप लागावी म्हणून. मला विधवा व्हायचं नव्हतं म्हणून. तेही खरंच आहे. जो मला म्हातारी म्हणूनही ओळखत नाही तोही मला हवा होता.

बारा वाजता संपदानं भात, वरण, तूप एकत्र घोटून वाटी माझ्या हातात दिली. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून हे खात नाहीत. मी खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"जेवायचं ना?" मी विचारलं.

"आज एकादशी," हे म्हणाले.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं बरोबर होतं. तरीही त्यांचं बोट कपाळाकडे गेलं. सकाळचा ठिपका तिथेच होता. तो लागल्यावर ते गोंधळले, पुन्हा पुन्हा चाचपू लागले, आणि त्यांचे ओठ हळूहळू उघडायला लागले. मला फक्त घास पुढे करायचा होता, बोलायचीही गरज नव्हती. मी पदर तांब्यात बुडवला आणि ठिपका पुसून टाकला. अंगाऱ्याची रेघ तेवढी ठेवली.

"हो, आज एकादशीच आहे," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

ह्यांनी मान डोलावली. चूक कबूल करणाऱ्या पक्षकाराला ते असेच सोडून द्यायचे.

मी वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसून राहिले. उद्या खरी द्वादशी होती. उद्या खरं सांगून भरवीन, खातील तेवढं खातील. परवा त्रयोदशी. ती मी त्रयोदशीच सांगणार. ते एकादशी म्हणतील, आणि मी पाणी विचारून वाटी खाली ठेवीन. तेरवाही तसंच. ह्याचा अर्थ काय होतो ते मला स्वच्छ कळत होतं. मी माझ्या नवऱ्याला मरू देणार होते. त्यांना दिलेला शब्द म्हणून, आणि आता माझ्याच्यानं त्यांना फसवणं होत नव्हतं म्हणून.

"अम्मा?" बाहेरून रवीचा आवाज आला. "खातायत ना अण्णा?"

भरलेली वाटी बाहेर गेली की त्याची मोजणी सुरू होणार. दोन दिवस, मग नळी, मग बांधलेले हात. खोलीला दार एकच, ते हॉलमध्ये उघडत होतं आणि हॉलमध्ये रवी पेपर वाचत बसला होता. खिडकीला डासांची जाळी ठोकलेली. ती वाटी रिकामी होण्याची एकच जागा उरली होती.

सकाळची एकादशी न कळता मोडली होती. ही मला कळत होती. मी ह्यांच्याकडे पाठ करून पहिला घास घेतला. मीठ नाही, तिखट नाही, दात नसलेल्यासाठी घोटलेला गिळगिळीत भात. तो घशाखाली उतरेना. मी घाईघाईनं दुसरा घास कोंबला, मला ठसका लागला, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात दाबला.

मागे पलंग वाजला. हे उठून बसले होते. आता ओरडतील असं मला वाटलं. एकादशीला आपल्या खोलीत बसून जेवणारं माणूस त्यांनी जन्मात खपवून घेतलं नसतं. पण ते माझ्याकडे बघत होते ते घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. त्यांनी हात पुढे करून पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला.

"बाई," हे म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

मी सावकाश सगळा भात संपवला, वाटी बोटानं निपटून घेतली, तोंड पुसलं, आणि बाहेर जाऊन रवीला सांगितलं, "खाल्लं. सगळं खाल्लं."